थंडीत घरामागचं खुराडं उबदार कसं ठेवायचं

निफाडचा पारा घसरला की नाशिकमध्ये घरामागे चार-सहा कोंबड्या पाळणारे बरेच जण पहिलं काम हेच करतात, खुराडं चारी बाजूंनी प्लास्टिकने गच्च बांधून टाकतात. प्लीज असं नका करू. कोंबडीच्या अंगातच 41 डिग्रीच्या आसपास ऊब असते, वरून पिसं, त्यामुळे मोठी गावरान कोंबडी कोरडी असेल आणि थेट वारा लागत नसेल तर आपल्याकडची थंडी आरामात काढते. तिला खरा त्रास ओलीचा. रात्रभरची श्वासाची वाफ आणि विष्ठेतली ओल बाहेर जायला जागाच नसली की तेच पाणी पत्र्याला धरतं, पहाटे टपटप खाली पडतं, खाली अंथरलेलं भाताचं तूस भिजतं, अमोनिया सुटतो आणि मग घरघर चालू.

म्हणून कोंबड्या बसतात तिथपर्यंतच्या बाजू झाका, छताखाली मात्र वीतभर फट ठेवा आणि तिला जाळी मारा, नाहीतर मांजर-मुंगूस आलंच. झाकायला तागाचं बारदान किंवा खताच्या रिकाम्या गोण्या शिवून घ्या. कांद्याच्या जाळीदार गोण्या आपल्याकडे घरोघरी पडलेल्या असतात म्हणून लोक त्याच लावतात पण त्यातून वारा आरपार जातो, काही उपयोग नाही. ऊन आलं की पडदे वर गुंडाळायचे.

खाली चार ते सहा इंच भाताचं तूस टाका, घोटी-इगतपुरीकडे भाताच्या गिरणीत मिळतं, नाहीतर सुताराकडचा लाकडाचा भुसा चालतो. ते वरचेवर खालीवर करत राहायचं. ओल बघायची तर मूठभर उचलून दाबा, मूठ उघडल्यावर सुटं झालं तर मस्त, गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग काढून कोरडं टाका. आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या कोंबडीच्या उंचीवर वाकून वास घ्या, डोळे चुरचुरले तर फट कमी पडतेय.

बसायला लाकडी दांडा द्या, जरा चपटा असला तर पंजे पिसांखाली झाकले जातात. लोखंडी पाईप नको, गार पडतो. संध्याकाळी मूठभर मका किंवा बाजरी, पहाटे पाणी कोमट.

पिल्लांचं मात्र वेगळं, त्यांना बाहेरून ऊब लागतेच. पहिल्या आठवड्यात 35 डिग्रीच्या आसपास, मग दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी. बल्ब जुना पिवळा घ्या, एलईडीने ऊब मिळत नाही, आणि नुसता वायरवर लटकवू नका, तारेने दोन ठिकाणी पक्का बांधा कारण तुसात पडला तर आगच लागेल. कोळशाची शेगडी आत अजिबात नको, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात त्या उघड्यावर असतात, बंद खुराड्यात कोळशाचा गॅस जीव घेतो. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच बघा. बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवाट करत असतील तर बल्ब थोडा खाली घ्या, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर वर, आणि सगळीकडे पसरून खात-झोपत असतील तर हात लावू नका.