डोंगरउतारावरच्या फळरोपांना मडक्याने पाणी

उतारावरच्या रोपाच्या आळ्यात वरून ओतलेल्या पाण्यापैकी काही खाली वाहून जाते, काही उन्हाने उडते आणि उरलेले वरच्या चार बोटे मातीतच थांबते. त्यामुळे मुळेही वरवरच पसरतात आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात रोप माना टाकते. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षे पाणी थेट मुळांच्या खोलीवर पोहोचवायला हवे, आणि त्यासाठी जमिनीत पुरलेल्या मडक्याइतके स्वस्त व भरवशाचे साधन मला दुसरे दिसत नाही.

मडके झिलई नसलेले, 5 ते 7 लिटरचे घ्यावे. ते भरून रात्रभर ठेवावे. सकाळी बाहेरून सगळीकडे ओलसर लागले, तर ते नीट पाझरते. रोप लावतानाच (नंतर खणल्यास मुळे तुटतात) खोडापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर, उताराच्या वरच्या अंगाला ते गळ्यापर्यंत पुरावे. भोवती दगड-मुरूम न घालता चाळलेली माती दाबून भरावी, कारण मडक्याला माती चिकटून नसेल तर ती पाणी ओढू शकत नाही. माती सुकली की पाझर वाढतो आणि ओली असली की मंदावतो. पाण्याची बचत होते ती यामुळेच. तोंडावर झाकण हवेच, नाहीतर आत डास होतात.

रोपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घालावा आणि बुंधा मोकळा सोडून पालापाचोळ्याचे वीतभर जाड आच्छादन करावे.

खरा खर्च मडक्याचा नसून पाणी वाहून नेण्याचा आहे. 100 रोपांना प्रत्येकी 5 लिटर म्हटले तरी एका खेपेला 500 लिटर पाणी लागते, आणि ते डोक्यावरून चढणीवर नेणाऱ्या माणसाचे कष्ट हिशेबात धरलेच पाहिजेत. जमल्यास टाकी बागेच्या वर ठेवून नळीने मडकी भरावीत. दर 10 मीटर उंचीमागे सुमारे 1 बार दाब मिळतो, त्यामुळे पंपाची गरज पडत नाही.

पाणी निम्म्याखाली गेले की मडके पुन्हा भरावे. क्षारयुक्त पाण्याने छिद्रे बुजतात. पाझर थांबलेले मडके अलगद काढून काथ्याने घासावे, तरीही न पाझरल्यास बदलावे. झाड वाढू लागले की पुढचे मडके घेराच्या कडेशी पुरावे, कारण पाणी शोषणारी कोवळी मुळे तोवर तिथवर पोहोचलेली असतात.