रेडिएशनच्या काळात वजन कसं टिकवायचं: तोंड-घशाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांसाठी

शेक (म्हणजे रेडिएशन) सुरू होण्याआधी पेशंटचं वजन करून वहीत लिहा. पुढे दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. उपचार साधारण 6 ते 7 आठवडे, आठवड्यातून 5 दिवस चालतात. सुरुवातीला जेवण जातं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, चव जाते, लाळ चिकट होते. शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे हा त्रास वाढू शकतो. वजन फार उतरलं तर शेक देताना डोकं हलू नये म्हणून घालतात तो चेहऱ्याचा मास्क सैल पडतो आणि स्कॅन, प्लॅनिंग पुन्हा करावं लागू शकतं.

60 किलोच्या माणसाला रोज 1800 ते 2100 कॅलरी आणि 72 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. गिळवत नाही म्हणून पेज, वरणाचं पाणी, शहाळं सुरू होतं आणि गफलत होते ती इथेच. पोट भरतं, अंगी काहीच लागत नाही. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात जेमतेम 40-50 कॅलरी असतात.

त्याऐवजी नाचणीचं सत्त्व 2 मोठे चमचे, म्हशीचं दूध 200 मिली, दूध पावडर 2 मोठे चमचे, साजूक तूप 1 छोटा चमचा, साखर 2 छोटे चमचे, अशी लापशी शिजवून कोमट द्या. सुमारे 400 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं. मधुमेह असेल तर साखर वगळा आणि औषधाचा डोस डॉक्टरांकडून जुळवून घ्या. मुगाची खिचडी तूप घालून मिक्सरमधून काढा. मऊ शिजवलेलं अंडं, गोडसर चक्का चालतो. तिखट, चिंच, लिंबू, टोमॅटो बंद. ‘साखरेनं कॅन्सर वाढतो’ असं ऐकून खाणं तोडू नका. संकष्टी-एकादशीचे उपासही या दिवसांत नकोत.

पुण्यात हडपसर-चिंचवडहून रोज शेकाला येणाऱ्यांचं एक खाणं ट्रॅफिक आणि रांगेतच बुडतं. थर्मासमध्ये नाचणीची ही लापशी सोबत ठेवाच.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि खायचा सोडा प्रत्येकी 1 छोटा चमचा घालून दर 2-3 तासांनी चूळ भरायची, गिळायचं नाही. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं, जेवणाच्या अर्धा तास आधी.

नाकातून पोटात जाणाऱ्या, खाणं भरवायच्या नळीला घरचे फार घाबरतात, ती शेवटची पायरी समजतात. तसं नाही, वेळेवर घातलेली नळी उपचार पूर्ण करायला मदत करते. नळीतून भरवताना पेशंटला बसवा, नंतरही तासभर आडवं करू नका. एका वेळी 200 ते 250 मिली, सावकाश. आधी आणि नंतर 30 ते 50 मिली पाणी सोडा. नळी तुंबते ती बहुधा न गाळलेल्या खाण्यानं किंवा नीट न कुटलेल्या गोळीनं, म्हणून मलमलच्या कापडातून गाळा. नळीवरची नाकाशी असलेली खूण सरकली असेल तर काहीही भरवू नका, आधी हॉस्पिटलला फोन करा.

आठवड्यात 2 किलो उतरले, पाणी पिताना ठसका लागला, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.