घरगुती ब्रीडरकडून जातिवंत पिल्लू घेताना: कोकणातल्या घरांसाठी

दिवाळीनंतर घरात कुत्र्याचं पिल्लू हवं असेल तर ब्रीडरला, म्हणजे पैदास करणाऱ्याला, फोन पावसाळ्यातच करायचा. मादीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा, त्यापुढे पिल्लू किमान 56 दिवस आईपाशी राहायला हवं. म्हणजे मेटिंगपासून पिल्लू हातात येईपर्यंत चार महिने जातात. जुलैत मेटिंग झालं तर नोव्हेंबरात पिल्लू मिळतं. कोकणात हाच हंगाम धरावा, कारण नोव्हेंबरात आलेल्या पिल्लाच्या लसी जानेवारीत पुऱ्या होतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत ते आठ-नऊ महिन्यांचं झालेलं असतं. जूनमध्ये आणलेलं पिल्लू मात्र लसी अर्धवट असतानाच ओल, गोचीड आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात सापडतं. गणपतीत आणि शिमग्यात आणूच नका. घर माणसांनी भरलेलं, दारं सताड उघडी, बाहेर ढोल आणि फटाके; आईपासून नुकतंच तुटलेलं पिल्लू यात खाणं सोडतं.

जात ठरवताना कोकणातली हवा आधी बघा. हस्की, सेंट बर्नार्ड यांच्या दाट केसांत पावसाळाभर ओल मुरते आणि कातडी कुजून चट्टे पडतात. पग आणि बुलडॉग चपट्या नाकामुळे मे महिन्याच्या दमट उकाड्यात धापा टाकतात, कधी त्यातच जातात. लॅब्रॅडॉर, बीगल, डॉबरमन, डॅशहुंड इथे निभावतात; फक्त लोंबत्या कानांच्या जातींचे कान पावसाळ्यात दर आठवड्याला कोरडे करावे लागतात. ‘पॉमेरेनियन’ म्हणून आपल्याकडे विकलं जातं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. इथे रुळलेली, काटक जात आहे, पण पैसे स्पिट्झचेच द्या.

आता ब्रीडर. एक-दोन माद्या, त्या घरातच वावरणाऱ्या, वर्षाला फार तर एक वेत: असं घर शोधा. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी 18 महिन्यांची होण्याआधी तिचं मेटिंग करता येत नाही, वर्षात एकाहून जास्त वेत घेता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. फोनवर पहिले प्रश्न यातूनच काढा: मादीचं वय किती, हे कितवं वेत, आधीचं वेत कधी झालं, बाप कुठला. चांगला ब्रीडर तुम्हालाही उलट प्रश्न विचारतो: घर कौलारू की फ्लॅट, दिवसभर घरी कोण असतं, रात्री कुत्रा पडवीत बांधणार की आत घेणार. हा शेवटचा प्रश्न जंगलालगतच्या गावात जिवाचा आहे, कारण पडवीत साखळीला बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता मिळतो. काहीच न विचारता थेट किंमत सांगणाऱ्याकडे जाऊ नका. ‘मी अर्ध्या वाटेत आणून देतो’, ‘हायवेवर भेटू’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नाही. त्याला तुम्हाला घर दाखवायचं नसतं, किंवा पिल्लं त्याची नसतात.

घरी गेल्यावर आधी आई बघा, पिल्लं नंतर. आठ आठवड्यांचं कुठलंही पिल्लू गोंडसच दिसतं आणि एकदा मांडीवर घेतलं की डोकं चालत नाही. आईचे सड बहुधा अजून थोडे सुजलेले किंवा ओघळलेले असतात. पोट अगदी सपाट आणि सड सुकलेले असतील तर ती या पिल्लांची आई नसण्याचीही शक्यता असते. दूध पाजून ती थोडी रोड झालेली असणार, त्यात वावगं नाही. तिचा ओठ उचलून हिरड्या बघा: गुलाबी हव्यात, पांढरट नकोत. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड शोधा. गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर राहत नाही, ती चिऱ्यांच्या सांध्यांत आणि दाराच्या चौकटीमागे अंडी घालते. म्हणून आईच्या अंगावर चार-पाच सापडल्या की ते घरच गोचिडांचं आहे असं समजा. गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे तापाचे रोग पसरतात, आणि बबेसिया आईच्या पोटातच पिल्लाला होऊ शकतो. आईची गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्त तपासणी, त्यातही प्लेटलेट, मागून बघा. आई अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दडत असेल किंवा अंगावर धावत असेल तर परत फिरा. भित्रेपणा पिल्लांत उतरतो. बाप तिथे नसला तरी हरकत नाही, बहुधा तो दुसऱ्याच गावचा असतो. त्याचा फोटो, कागद आणि मालकाचा फोन नंबर मात्र घ्या. बाप आणि आई सख्खी भावंडं किंवा आई-मुलगा निघाले तर ते वेत सोडा.

एका दिवसात दोन ब्रीडरांकडे जाऊ नका. पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणारा रोग; त्याचा विषाणू चपलेला चिकटून एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि मातीत महिनोन् महिने टिकतो. फिनेल त्याला मारत नाही. साधं ब्लीच, एक भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवलं तर मारतं. पण तेही फक्त स्वच्छ लादीवर. शेणाने सारवलेल्या खळ्यात किंवा लाल मातीत ब्लीचचा जोर मातीतच संपतो. म्हणून गेल्या वर्षभरात त्या घरात किंवा शेजारी पार्व्होने पिल्लू गेलंय का, हे सरळ विचारा.

पिल्लं सगळी एकत्र असताना, ती जागी आणि भुकेली असताना बघा. झोपलेल्या पिल्लावरून काही कळत नाही. हाताला अंग मऊ-भरीव लागावं; बरगड्या दिसत असून पोट तेवढं टम्म असेल तर जंत आहेत. हिरड्या पांढऱ्या असतील तर आकडेकृमी रक्त पिताहेत, आणि आपल्या ओलसर मातीत हे फार दिसतं. बेंबीपाशी मऊ गोळी लागली तर तो हर्निया. लहान असेल तर बहुधा मोठेपणी त्रास देत नाही, पण डॉक्टरांना दाखवा. नराच्या दोन्ही अंडगोळ्या खाली उतरलेल्या आहेत ना, जबडा वर-खाली नीट जुळतो ना, आणि मागून टाळी वाजवली की पिल्लू वळून बघतं ना, तेही तपासा.

जातीबद्दलच्या थापा ओळखायला थोडं ज्ञान पुरतं. ‘डबल कोट लॅब’ म्हणून जास्त पैसे मागतात, पण प्रत्येक लॅबला, म्हणजे लॅब्रॅडॉरला, केसांचा असा दुहेरी थर असतोच. ‘डबल बोन’ असं काही नसतं. लॅबचे रंग तीन: काळा, पिवळा, चॉकलेटी, क्रीम आणि तांबूस या पिवळ्याच्याच छटा. दोन पिवळ्या लॅबच्या पोटी फक्त पिवळीच पिल्लं होतात. तिथे एखादं काळं दिसलं तर बाप वेगळा आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. दोन चॉकलेटींपासूनही काळं पिल्लू होत नाही. जर्मन शेफर्डचे कान आठव्या आठवड्यात बहुधा पडलेलेच असतात, ते चार ते सहा महिन्यांपर्यंत उभे राहतात. त्यावरून जात ठरवू नका.

कागद म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. त्यावर आई-बापांची नावं, नोंदणी क्रमांक आणि पिल्लाच्या मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या बारीक चिपचा) 15 अंकी क्रमांक असतो. तो क्रमांक स्कॅनरने पिल्लाच्या मानेवर ताडून बघा, डॉक्टरांकडे स्कॅनर असतो. मालकी बदलाच्या अर्जावर ब्रीडरची सही तिथल्या तिथे घ्या. ‘पेपर मागाहून पाठवतो’ हे ऐकलं तर पैशाचा काही भाग मागे ठेवा. आणि लक्षात घ्या, कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही.

तब्येत लसीच्या कार्डावर कळते. प्रत्येक नोंदीपुढे लसीच्या बाटलीचा स्टिकर, बॅच नंबर, मुदत, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का हवा. नुसती पेनाने तारीख घातलेली नोंद धरू नका. लस 2 ते 8 अंश तापमानात राहावी लागते. ब्रीडरने मेडिकलमधून आणून स्वतः टोचली असेल आणि मधे वीज गेली असेल तर ती पाण्यासारखीच. आठव्या आठवड्यापर्यंत एक डोस झालेला असतो. पुढचे दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा 16 आठवड्यांचं झाल्यावर, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते आणि ती कधी ओसरते ते पिल्लागणिक बदलतं. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे दोन डोस पावसाआधी झालेच पाहिजेत. भाताच्या खाचरांतून हा रोग कुत्र्यालाही होतो, माणसालाही. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला दिलेलं असावं.

इसार देताना एका कागदावर लिहून घ्या: पिल्लाचा चिप क्रमांक, किंमत, आणि 14 दिवसांत पार्व्हो किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूचा रोग) निघाला तर काय. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यापासून बहुधा तीन ते सात दिवसांत दिसतात, तेव्हा घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची जुलाब सुरू झाली तर लागण जुन्या घरची असण्याची शक्यता मोठी.

घाटावरून आणत असाल तर पहाटे निघा आणि तीन-चार तास आधी खायला देऊ नका. घाटाच्या वळणांत ओकतात. आईखालच्या फडक्याचा एक तुकडा पेटीत ठेवा. वाटेत ढाब्यावर जमिनीवर सोडू नका, तिथे अनेक कुत्री हगून गेलेली असतात. ब्रीडरकडून आठ दिवसांचं त्याचं नेहमीचं खाणं मागून घ्या आणि नवं खाणं सात-आठ दिवसांत थोडं थोडं मिसळत जा, दिवसाला चार वेळा. पहिल्याच दिवशी गाईचं दूध आणि पेज दिली की जुलाब लागतात आणि मग तो पार्व्हो की अपचन हे कळेनासं होतं. गुरांचं गोचीडनाशक पिल्लाला लावू नका, चाटल्यावर विषबाधा होते. गोचिडांची गोळी वय आठ आठवडे आणि वजन दोन किलो भरल्यावर डॉक्टरांकडूनच घ्या. आल्यापासून 48 तासांत डॉक्टरांना दाखवा, दवाखान्यात फरशीवर न ठेवता मांडीवरच धरा. सोबत सकाळची ताजी विष्ठा डबीत न्या. जंताची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली तर पुढचं औषध त्यावरून ठरतं.