लंडनच्या मोठ्या कोरसमध्ये गायचंय? आधी शेजारणीचा आवाज ऐकायला शिका

इथं नवीन आलेल्या, गाणं शिकलेल्या मराठी मुली मला नेहमी विचारतात की मोठ्या कोरसमध्ये (समूहगायनाच्या गटात) शिरायचं कसं, आम्हाला वेस्टर्न येत नाही, नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले सूर) वाचता येत नाही. मी स्वतः पेटीवर गाणं शिकलेली, आणि गेली काही वर्षं शंभरावर माणसांच्या एका हौशी कोरसमध्ये आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गातेय, तर जे कामाला आलं ते सगळं इथं एकदाच लिहून टाकते.

आधी हे कोरस म्हणजे काय ते समजून घ्या. हे व्यावसायिक लोक नसतात. शिक्षक, नर्स, वकील, रिटायर्ड मंडळी, आठवड्यातून एक संध्याकाळ रिहर्सल, आणि गाण्याचे पैसे मिळत नाहीत, उलट आपणच वर्गणी भरायची. लंडनमधलं मोठं उदाहरण म्हणजे रॉयल कोरल सोसायटी. १८७१ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉल उघडला, एवढ्या अवाढव्य हॉलला शोभेल असा कोरस हवा म्हणून हा उभा केला, १८७२ मध्ये पहिली कॉन्सर्ट झाली आणि कंडक्टर (समोर उभा राहून हाताने सगळ्यांना चालवणारा) होता फ्रेंच संगीतकार गुनो. १८७५ मध्ये इटालियन संगीतकार व्हर्दी स्वतः येऊन आपलं रेक्वियम (मृतांसाठीच्या प्रार्थनेची रचना) याच हॉलमध्ये कंडक्ट करून गेला, १८८४ मध्ये चेक संगीतकार द्वोर्झाक आला. आणि १८७६ पासून दर गुड फ्रायडेला हँडेलचा ‘मसाया’ (येशूवरची कोरस आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना), मधे युद्धाचे, कोविडचे खंड पडले तेवढे सोडून आजतागायत. आपल्याकडे एखाद्या देवळातला उत्सव पिढ्यान्‌पिढ्या चालतो ना, तसंच आहे हे. पहिल्यांदा नुसतं ऐकायला जा, वरच्या गॅलरीत बसा, त्यातल्या ‘हॅलेलुया’ या गाण्याला सगळा हॉल उभा राहतो तेव्हा तुम्हीही उभ्या राहा.

आता नोटेशनची भीती. हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. व्हिक्टोरियन काळात इथल्या गिरणी कामगारांनाही हे पाच रेघांचं स्टाफ नोटेशन येत नव्हतं. तरी ते एवढे मोठे कोरस गाऊ शकले ते दोन गोष्टींमुळे, एक म्हणजे नोव्हेलो कंपनीने स्वस्तात छापलेले स्कोअर (गाण्याची नोटेशनची पुस्तकं), आणि दुसरी जॉन कर्वेनने १८४० च्या दशकापासून गावोगाव पोचवलेली टॉनिक सोल-फा पद्धत, मुळात नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून घेतलेली. त्यात ‘डो’ एका जागी चिकटलेला नसतो, गाण्याची पट्टी बदलली की डो सरकतो. म्हणजे हा आपला सा झाला की! सरगम येणाऱ्या माणसाला अर्धं काम आधीच आलेलं असतं.

तर करायचं असं. स्कोअर उघडला की सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या (स्वर चढा की उतरता ते सांगणाऱ्या) खुणांवरून पट्टी ओळखायची आणि कोपऱ्यात पेन्सिलीने ‘सा’ कुठे ते लिहायचं. ‘हॅलेलुया’ डी मेजरमध्ये आहे, म्हणजे सा पांढरी दोन. मेजर म्हणजे सगळे शुद्ध स्वर, मायनर असेल तर ग, ध, नी कोमल धरून सुरुवात करा, मधे बदलतात तिथं खूण करा. मग सोप्रानोंची (बायकांच्या वरच्या आवाजाची) पहिली हाक कशी दिसते? सां प ध प. बस. एकदा असं दिसायला लागलं की ते काळे ठिपके आपोआप गायला लागतात. पेटी किंवा मोबाईलवरचा कीबोर्ड घेऊन रोज पंधरा मिनिटं, फक्त स्वतःची ओळ.

कुठल्या आवाजात जायचं हा प्रश्न फार नाही. तुमची पट्टी काळी चार किंवा पाच असेल आणि तार पंचमाच्या वर ताण येत असेल तर सरळ आल्टो सांगा, उगाच सोप्रानोत जाऊन गळा खराब करू नका. ऑडिशनला बहुतेक ठिकाणी एखादं गाणं, थोडे स्केल्स, ऐकून परत गाणं आणि बघून वाचणं एवढं असतं. वाचताना चुकलात तरी थांबू नका, लय सोडू नका, कारण कोरसला चुकलं तरी लयीत राहणारं माणूस चालतं, थांबणारं नाही.

खरी अडचण पुढे आहे आणि ती आपल्यालाच जास्त येते. आपण लहानपणापासून चाल गायलेली असते, एकटीने, मींड घेत, हरकत घेत. इथं चाल बहुतेकदा सोप्रानोंकडे आणि आल्टोने मधली ओळ धरायची, जी एकटी ऐकली तर गाणं वाटतही नाही. पहिल्या महिन्यात मी ‘हॅलेलुया’ला दर वेळी कधी घसरून सोप्रानोंच्या सां वर जायचे मलाच कळायचं नाही. शेजारी बसणाऱ्या वयस्कर बाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या स्कोअरवर आमच्या ओळीखाली जाड रेघ मारली आणि माझ्या कानाशी जरा जवळ येऊन गायला लागल्या. तेव्हा समजलं, की स्वतःचा आवाज शेजारणीच्या आवाजात ऐकू येईनासा झाला म्हणजे बरोबर लागलाय. तानपुऱ्यात मिळून जातो ना षड्ज, अगदी तसं. म्हणून रिहर्सलला अनुभवी आल्टोच्या शेजारची जागा धरा, कडेला सोप्रानोंना लागून बसू नका. आणि स्वरावर थेट या, खालून ओढत येऊ नका, शंभर जणी ओढत आल्या तर नुसता चिखल होतो.

श्वासाचं एक तंत्र लक्षात ठेवा. लांब सूर असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारीण घेते तेव्हा आपण गात राहायचं, आपण घेतो तेव्हा ती. शब्दाच्या मधे हळूच सोडायचं, हळूच परत शिरायचं. ऐकणाऱ्याला वाटतं कोरसला श्वासच लागत नाही. उलट शब्दाच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘ट’ मात्र सगळ्यांचा एकाच क्षणी, तो कंडक्टरच्या हातावरून घ्यायचा, म्हणून मान वर. स्कोअरमध्ये तोंड घालून गाणारा माणूस लगेच कळतो.

कॉन्सर्टच्या दिवशी काळे कपडे, सपाट चपला (खूप वेळ उभं राहायचं असतं), पाण्याची बाटली, दोन पेन्सिली, पोटभर पण हलकं जेवण. ‘मसाया’चा शेवट ‘आमेन’ आहे, आधी बास (पुरुषांचा खालचा आवाज) सुरू करतात, मग टेनर (पुरुषांचा वरचा आवाज), मग आपण आल्टो, शेवटी सोप्रानो. आपली एंट्री यायच्या आधीच्या टेनरच्या सुरांवर पेन्सिलीने गोल करून ठेवा, तिथूनच आपला सूर पकडायचा. आणि अगदी शेवटी, सगळं टिपेला पोचल्यावर, अचानक एक पूर्ण शांतता आहे. तिथं पान उलटायचं नाही, हलायचं नाही, श्वास आधीच घेऊन ठेवायचा आणि नजर फक्त कंडक्टरच्या हातावर, कारण त्या शांततेत एकटीचा आवाज निघाला तर तो वरच्या गॅलरीपर्यंत जातो.