देवळाच्या ट्रस्टला करमाफी पायजे असेल तर

तासगाव तालुक्यात आमच्या गावच्या देवस्थानचा हिशोब मी बघतो, आणि दर जत्रेला कुणीतरी म्हणतंच की देवाला कसला आलाय टॅक्स. देवाला नाही ओ, पण ट्रस्टला असतो, माफी आपोआप मिळत नाही, ती मागून घ्यायची असते आणि मग दरवर्षी सांभाळायची असते.

पहिलं काम धर्मादाय कार्यालयात, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, टाकायचा. आमचे जुने अध्यक्ष वारले, रिपोर्ट कुणी टाकलाच नाही, बँकेत नवी सही चालेना आणि त्या वर्षी जत्रेचा मंडप उधारीवर घालावा लागला.

पण एवढ्यानं इन्कम टॅक्स सुटत नाही, त्याची नोंदणी वेगळी. 1961 च्या कायद्यात ती कलम 12 एबीखाली होती, 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आलाय आणि कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा जुना कागद घेऊन जाऊ नका, सीएला विचारूनच फॉर्म भरा. ढोबळ नियम असा की वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के ट्रस्टच्या कामावरच खर्च झाले पायजेत, आणि विश्वस्ताच्या भावाला गाळा कमी भाड्यानं दिला की माफीवर गदा येते. हा नियम मंदिर, मशीद, चर्च, जैन बस्ती सगळ्यांना सारखाच आहे आणि तो तसाच असावा असं मला मनापासून वाटतं. देणगीदार 80 जीची पावती मागतात, म्हणजे देणगीवर त्यांना स्वतःच्या टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी, पण ती निव्वळ धार्मिक ट्रस्टला मिळत नाही, उगाच कबूल करू नका.

दानपेटी एकट्यानं कधीच उघडू नका. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात सतरंजी टाकतो, दोन विश्वस्त, पुजारी आणि कमिटीबाहेरची दोन माणसं बसतात, कुंकू लागून चिकटलेल्या नोटा ओल्या फडक्यानं सुट्ट्या करायच्या, चिल्लर वेगळी, आकडा वहीत लिहून पाचही सह्या तिथंच, आणि बँक उघडली की त्याच दिवशी भरणा. ऑडिटला ही वही सगळ्यात आधी लागते.

सांगली-मिरजेत असाल तर घरपट्टी पण बघा, महापालिका कायद्यात फक्त पूजेसाठी वापरलेल्या जागेला सूट आहे, भाड्यानं दिलेल्या गाळ्याला नाही, मग ते भाडं देवाच्या दिवाबत्तीला जाऊ दे नाहीतर कशाला. मंगल कार्यालयाचं भाडं दिवसाला 10,000 किंवा जास्त असेल तर जीएसटीचं पण विचारून घ्या.

आणि राजकारण आवारात अजिबात नको. 1988 चा कायदा आहे, धार्मिक जागा राजकीय कामाला वापरली तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लोकांना हे माहीतच नसतं. घटनेच्या कलम 27 प्रमाणं कुठल्या एका धर्माच्या प्रचारासाठी कुणाकडनं कर घेता येत नाही, म्हणजे सरकार तिकडं हात आखडतं घेतंय तर आपण पण देवाचा माईक पार्टीला द्यायचा नाही. इलेक्शनला उमेदवार येतात, येऊ देत, दर्शन घेऊ देत, नारळ फोडू देत, पण भाषण करायचं म्हणाले की काय उत्तर द्यायचं ते पुजाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं असावं: अँप्लिफायरच्या खोलीची किल्ली खजिनदाराकडं आहे.