फाइलला राइट परमिशन आहे, तरी 'सेड -आय' अडतं: माझा अनुभव

लिनक्स सर्व्हरवरची स्क्रिप्ट आधी 'टेस्ट -डब्ल्यू' ने (लिहिता येतं का हे पाहणारी कमांड) कॉन्फिग फाइल तपासते. उत्तर होकारार्थी येतं, आणि पुढच्याच ओळीला 'सेड -आय' (फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) थांबतं: 'कुडन्ट ओपन टेम्पररी फाइल… परमिशन डिनाइड'.

फाइलला ६६६ मोड (सगळ्यांना वाचायची-लिहायची परवानगी) देऊन पाहिलं, मालकही बदलला. काही फरक नाही. तपासणी 'हो' म्हणते आणि काम होत नाही, याने डोकं पिकलं.

कारण एररमध्येच आहे. 'सेड -आय' जुन्या फाइलमध्ये लिहीत नाही. त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल बनवून तिला जुनीचं नाव देतं. म्हणजे परवानगी डिरेक्टरीची लागते, आणि राइटसोबत एक्झिक्यूटही (म्हणजे डिरेक्टरीत शिरण्याची).

आधी 'एलएस -एलडी' ने डिरेक्टरी पाहिली: मालक व ग्रुप रूट (सर्व्हरचा मुख्य प्रशासक), मोड ७५५ (लिहिण्याची परवानगी फक्त मालकाला). मग रूटकडून ग्रुप बदलून स्क्रिप्टच्या युजरचा केला, मोड ७७५ केला (ग्रुपलाही लिहिता येतं). युजरला ग्रुपमध्ये नव्याने टाकलं असेल तर पुन्हा लॉगिन करा, नाहीतर बदल लागू होत नाही. शेवटी स्क्रिप्टमध्ये 'डिरनेम' ने फाइलच्या पाथमधून डिरेक्टरीचं नाव मिळवून तिच्यावर -डब्ल्यू आणि -एक्स दोन्ही तपासले. ते नाव ज्यात आहे ते व्हेरिएबल दुहेरी अवतरणातच ठेवा: ते रिकामं असेल तर अवतरणाविना 'टेस्ट -डब्ल्यू' एवढंच उरतं, आणि त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं!

७७५ मुळे ग्रुपमधला कोणीही तिथल्या फाइल्स पुसू शकतो. ते नको असेल तर 'सेड' चा निकाल टेम्प डिरेक्टरीतल्या फाइलमध्ये लिहा आणि 'कॅट' ने मूळ फाइलवर वळवा. त्याला फाइलचीच राइट परमिशन पुरते.