दगडावर आपटलेल्या लॉनमोअरचं पातं कसं बदलावं

नेरूळला आमच्या सोसायटीचं लॉन भरावावर आहे. खाली मुरूम, वर चार बोटं लाल माती आणि तिच्यावर गवत. पावसाळा ओसरत आला की माती खाली बसते आणि मुरमातले दगड डोकं वर काढतात. मागच्या वर्षी गणपती गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात माळीमामांचं मशीन असल्याच एका दगडावर आपटलं. तो 'खण्ण' आवाज मला चौथ्या मजल्यावर ऐकू आला. मशीन जागच्या जागी बंद. मामांनी पुन्हा दोरी ओढली, तर तिने हाताला असा हिसका दिला की ते मनगट धरून खालीच बसले.

मेकॅनिक आला, दोनदा दोरी ओढली आणि म्हणाला, "मॅडम, इंजिन गेलं." मी सोसायटीची खजिनदार. 'इंजिन गेलं' हे वाक्य मला इतक्या सहजी पचत नाही. शेवटी निघालं काय, तर वाकलेलं पातं आणि करंगळीच्या नखाएवढी एक चावी. त्या दोन दिवसांत मामांबरोबर खाली बसून जे शिकले ते इथे लिहिते आहे. हे सगळं ढकलत न्यायच्या, आडवं पातं फिरणाऱ्या पेट्रोल मशीनबद्दल आहे.

आधी प्लगची कॅप काढा

पान्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगवरची रबरी कॅप उपटा आणि वायर लांब बांधून ठेवा. पातं थेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला बोल्टने बसवलेलं असतं. म्हणजे तुम्ही हाताने पातं फिरवलं की आत पिस्टनही हलतो, आणि ठिणगी पडली तर इंजिन क्षणभर का होईना, चालू होऊ शकतं. १८ इंची पातं मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर जातो. बोटांचा विचार करा. विजेवरचं मशीन असेल तर प्लग भिंतीतून काढा, बॅटरीचं असेल तर बॅटरीच बाहेर काढून ठेवा. कातडी हातमोजे घाला.

मशीन कोणत्या कुशीवर झोपवायचं

बहुतेकांची चूक इथेच होते. एअर फिल्टर आणि कार्बोरेटर ज्या बाजूला आहेत ती बाजू वर आली पाहिजे. उलट झोपवलं तर तेल फिल्टरमध्ये उतरतं, आणि नंतर मशीन सुरू होत नाही किंवा पांढऱ्या धुराने अख्खी बिल्डिंग खोकते. टाकीतलं पेट्रोल आधी डब्यात काढून घ्या. (तसंही महिनोन्‌महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवू नये. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि कार्बोरेटरला त्रास देतं.)

पातं काढणं

डेकच्या (पात्यावरच्या झाकणाच्या) आत चिकटलेलं गवत खरवडून काढा आणि पात्याचा फोटो घ्या. वॉशर आणि अडॅप्टर कोणत्या क्रमाने, कोणत्या तोंडाने बसलेत हे नंतर हमखास आठवत नाही. मग पातं आणि डेक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे ते फिरणार नाही. बोल्टला गंज सोडवणारं तेल मारून १५ मिनिटं थांबा. समुद्राजवळच्या हवेत ही पायरी टाळता येत नाही. मशीनच्या खालून बघताना बोल्ट साधारणपणे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. साधा फिक्स पाना वापरलात तर डोकं गोल होईल. घट्ट बसणारा सॉकेट आणि लांब दांडा घ्या.

वाकलेलं पातं हातोडीने सरळ करायचा मोह आवरा. मामांनी हातोडी आणलीसुद्धा होती. ठोकून सरळ केलेल्या पोलादात बारीक तडे राहतात आणि त्या वेगात तुकडा सुटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. धार बोथट झाली असेल तर कानस. वाकलं, चिरलं किंवा झिजून पातळ झालं असेल तर नवंच.

नवं पातं आणताना

जुनं पातं पिशवीत घालून सोबत न्या. मी मशीदला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले होते. दुकानदाराने कंपनीचं नाव विचारण्याआधी विचारलं, "ताई, मधलं भोक कसलं? गोल का ताऱ्याच्या आकाराचं?" बरोबरच आहे, कारण लांबी जुळूनही भोक जुळलं नाही तर पातं बसणारच नाही. लांबी मोजताना एका धारेच्या टोकापासून, भोकाच्या मध्यावरून, समोरच्या धारेच्या टोकापर्यंत तिरकी मोजा. जाडीही बघा.

जुन्यालाच धार लावली असेल तर तोल तपासा. भिंतीत खिळा ठोकून पातं मधल्या भोकात आडवं टांगा. जी बाजू खाली जाईल ती जड, तिच्या धारेवर थोडी कानस चालवा. पुन्हा टांगा. आडवं राहीपर्यंत हेच करायचं. तोल गेलेलं पातं मशीन थरथरवतं आणि बेअरिंग खातं.

बसवणं

पात्याची वर वळलेली शेपटी डेकच्या आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनकडे. उलटं बसवलं तर गवत कापलं न जाता नुसतं लोळतं. बोल्ट किती घट्ट करायचा ते मशीनच्या पुस्तकात असतं. बऱ्याच लहान मशीनना ५० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो. टॉर्क पाना गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून घ्या. 'अंगातला जोर' हे माप मामांचं वेगळं आणि माझं वेगळं.

आता प्लग पूर्ण काढा म्हणजे पातं हलकं फिरेल. डेकच्या कडेवर खडूने खूण करा, एक टोक तिथे आणा आणि टोकापासून कडेपर्यंतची उंची मोजा. अर्धा फेरा देऊन दुसरं टोक तिथेच आणा. नवं, सरळ पातं असूनही दोन मापांत तीन मिलिमीटरहून जास्त फरक येत असेल, किंवा फिरवताना मधला बोल्टच डुलताना दिसत असेल, तर क्रँक वाकला आहे. अशा वेळी मात्र मेकॅनिकचं ऐका. हे मशीन चालवायचं नाही.

दोरी हिसका देते तेव्हा

आमचा क्रँक सरळ निघाला, पण हिसका तसाच होता. त्याचं कारण क्रँकच्या वरच्या टोकाला होतं. तिथे फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक, असतं आणि ते क्रँकवर एका छोट्या चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने, जागेवर राहतं. पातं दगडावर एकदम थांबलं की क्रँकही थांबतो, पण जड फ्लायव्हील फिरतच राहायला बघतं आणि चावी कातरली जाते. ठिणगी पाडणारं चुंबक फ्लायव्हीलवर असल्यामुळे मग ठिणगी चुकीच्या वेळी पडते. म्हणून झटका, फटका, नाहीतर नुसती शांतता.

बघायचं कसं? दोरीचं घर आणि वरचं पत्र्याचं कव्हर उघडा, फ्लायव्हीलचा नट काढा आणि टॉर्च मारा. क्रँकवरची खाच आणि फ्लायव्हीलवरची खाच एका रेषेत हव्यात. आमच्याकडे त्या केसभर सरकल्या होत्या. तेवढं पुरतं.

फ्लायव्हील काढायला पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं अवजार, लागतो. हातोडीने ठोकलं तर ते तडकू शकतं. पुलर नसेल तर तुर्भे किंवा पावण्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला न्या. फक्त चावी बदलून मागा आणि जुनी परत मागा. चावीच्या जागी खिळा कापून बसवू देऊ नका. बऱ्याच इंजिनांत ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते, पुढच्या वेळी तिनेच तुटावं म्हणून. बसवताना क्रँकचा निमुळता भाग कोरडा पुसून घ्या, तेलाचा थेंबही नको.

सगळं जोडल्यावर तेलाची पातळी बघा, प्लग आणि कॅप लावा, मशीन मोकळ्या फरशीवर ठेवा आणि आसपासच्या मुलांना दूर करा. पहिली दोन मिनिटं गवत न कापता नुसतं चालवा. हँडलला नेहमीपेक्षा जास्त थरथर जाणवली तर लगेच बंद करून बोल्ट आणि तोल पुन्हा तपासा.

आमचं मशीन तिसऱ्या ओढीला सुरू झालं. तो दगड काढायला मामांनी पहार घातली, तर तो खाली आणखी हातभर निघाला. आता त्याला चुना फासला आहे आणि त्याच्याभोवतीचं गवत मामा विळ्याने कापतात.